हाताएवढ्या तुकड्यापासून मीटरभर रोलपर्यंत: अल्कोहोलमधलं पाणी काढणाऱ्या मेंब्रेनचा धंदा मोठा करताना



या आठवड्याच्या व्हिडिओत सांगलीकडच्या एका तरुण इंजिनिअरचा विषय निघाला होता. व्हिडिओत वेळ कमी पडला, हिशेब अर्धवट राहिला. तो सगळा इथे सविस्तर लिहून देतोय. वही-पेन घेऊनच बसा, कारण आज गणित आहे. अवघड नाही, पण चुकलं तर घरादारावर येणारं आहे.

झालं असं. गेल्या वर्षी एका कार्यशाळेनंतर एक मुलगा थांबला. केमिकल इंजिनिअर. हातात प्लास्टिकचा फोल्डर, त्यात पांढऱ्या कागदासारखे गोल तुकडे. म्हणाला, "सर, हे मेंब्रेन मी स्वतः बनवलंय. ९० टक्क्यांचं अल्कोहोल यावर चालवलं की ९९.६ टक्के येतं. साखर कारखाने आपल्याकडे ढीगभर. मीटरभर रुंदीचं कोटिंग मशीन घ्यायचंय, कोटेशन आणलंय. बँक तारण मागतेय, आबा जमीन द्यायला तयार आहेत."

आबा शेजारीच उभे होते. तासगाव भागातले द्राक्ष बागायतदार. बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मुलाला एकच प्रश्न विचारला, "बाळा, हे चांगले तुकडे दाखवलेस. पण असले किती केलेस, आणि त्यातले टाकून किती दिलेस?"

मुलगा जरा अडखळला. "शेवटचे तीस केले आबा, बावीस चांगले निघाले. बाकीचे आठ काय, हात बसेपर्यंत जाणारच."

आबा म्हणाले, "द्राक्ष एक्स्पोर्टला लावताना व्यापारी पेटीतला चांगला घड बघत नाही. रिजेक्शन किती ते आधी विचारतो."

मित्रांनो, मी वीस वर्षं लोकांना शिकवतोय, पण त्या दिवशी आबांनी मला शिकवलं. आजचा सगळा लेख त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी समजून घेऊ: हे पाणी निघत का नाही?

मळी किंवा उसाचा रस आंबवला की त्यात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तयार होतं. ते उकळून, वाफ थंड करून अल्कोहोल वेगळं काढतात. याला डिस्टिलेशन म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहेच. गंमत पुढे आहे. वजनाने सुमारे ९५.६ टक्के अल्कोहोल झालं की गाडी तिथेच अडते. त्या टप्प्यावर जे मिश्रण उकळतं, त्याच्या वाफेतही तितकंच अल्कोहोल आणि तितकंच पाणी असतं. मग कितीही उकळा, फरक पडत नाही. या अवस्थेला अझिओट्रोप म्हणतात.

पण पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल ९९.५ टक्क्यांच्या वर लागतं. पाणी जास्त राहिलं तर ते पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. म्हणजे शेवटचं चार टक्के पाणी काढणं हाच खरा धंदा.

पूर्वी यासाठी बेन्झिन किंवा सायक्लोहेक्झेनसारखं तिसरं रसायन मिसळून पुन्हा डिस्टिलेशन करायचे. बेन्झिनने कॅन्सर होतो, शिवाय वाफेचा खर्च मोठा. नंतर आले मॉलिक्युलर सीव्ह. हे झिओलाइटचे बारीक मणी असतात. त्यांची छिद्रं सुमारे ३ अँगस्ट्रॉमची, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या तिप्पट. पाण्याचा रेणू आत शिरतो, अल्कोहोलचा मोठा रेणू बाहेर राहतो. आज मोठ्या डिस्टिलरीत बहुतेक ठिकाणी हीच पद्धत आहे. मणी भरले की ते पुन्हा कोरडे करावे लागतात, आणि त्यासाठी तयार झालेल्या अल्कोहोलचाच काही भाग वापरून परत मागे डिस्टिलेशनला पाठवावा लागतो.

तिसरी पद्धत मेंब्रेनची.

मेंब्रेन करतं काय?

एका बाजूला गरम अल्कोहोल-पाण्याचं मिश्रण, मधे मेंब्रेन, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम. मेंब्रेनचा वरचा थर पाण्याला ओढून घेणारा असतो. पाणी त्यात शिरतं, पलीकडे व्हॅक्यूममध्ये वाफ होऊन निघतं आणि थंड करून गोळा होतं. अल्कोहोल अलीकडेच राहतं आणि कोरडं होत जातं. या क्रियेला पर्व्हॅपोरेशन म्हणतात. इथे अझिओट्रोपची अडचण येत नाही, कारण वेगळं करण्याचं काम उकळण्यावर अवलंबून नसून कोण आत शिरतं यावर अवलंबून असतं.

या मुलाचं मेंब्रेन पीव्हीएचं होतं, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं. इचलकरंजीच्या सायझिंगवाल्यांना हा माल ओळखीचा आहे, सुताला खळ द्यायला तो वापरतात. पीव्हीए गरम पाण्यात विरघळवायचा, छिद्रं असलेल्या आधारपटावर त्याचा पातळ थर द्यायचा, आणि मग ओव्हनमध्ये तापवून त्याच्या साखळ्या एकमेकांत बांधायच्या. याला क्रॉसलिंकिंग म्हणतात. बांधल्या नाहीत तर थर पाण्याने फुगतो आणि अल्कोहोलही सोडायला लागतो. जास्त बांधल्या तर पाणीसुद्धा जाईना.

हा थर किती जाडीचा? एक-दोन मायक्रॉनचा. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. म्हणजे केसाच्या पन्नासाव्या भागाइतका थर, तोही एकही भोक न ठेवता द्यायचा. इथून पुढे धंद्याचा सगळा खेळ या वाक्यावर आहे.

९९.६ या आकड्याचा सापळा

मी त्या मुलाला विचारलं, "पलीकडे जे पाणी गोळा झालं, त्यात अल्कोहोल किती होतं?"

"ते नाही मोजलं सर. अलीकडचं मोजलं."

मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. मेंब्रेनला बारीक भोक असेल, तर त्यातून अल्कोहोल आणि पाणी दोन्ही पलीकडे जातात. पण बाकीचा चांगला भाग पाणी ओढतच असतो. त्यामुळे अलीकडे उरलेलं अल्कोहोल शेवटी ९९.६ टक्क्यांपर्यंत जाऊही शकतं! फक्त ते कमी उरतं. शुद्धतेचा आकडा छान दिसतो आणि माल मागच्या दाराने निघून जातो. वर व्हॅक्यूम पंपावर आणि थंड करणाऱ्या यंत्रणेवर भार वाढतो तो वेगळाच.

म्हणून मेंब्रेनच्या प्रत्येक तुकड्याचे तीन आकडे लिहायचे. पहिला, उरलेल्या मालाची शुद्धता. दुसरा, पलीकडे गेलेल्या पाण्यातलं अल्कोहोल. तिसरा, एका चौरस मीटरमधून तासाला किती किलो पाणी गेलं, म्हणजे फ्लक्स. यातला एकही आकडा नसेल, तर तुमच्याकडे प्रॉडक्ट नाही, नमुना आहे.

आता गणित: टाकलेले तुकडे

त्याचा एक तुकडा २० चौरस सेंटिमीटरचा. एक चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये असे ५०० तुकडे बसतात.

समजा तुमचा हात इतका बसला, की शंभर तुकड्यांत ९९ बिनदोष निघतात. भारीच म्हणायचं ना? आता एक चौरस मीटरचा अखंड पत्रा बनवा. तो बिनदोष निघायला त्यातले पाचशेच्या पाचशे भाग बिनदोष असायला हवेत. कॅल्क्युलेटरवर ०.९९ ला ०.९९ ने पाचशे वेळा गुणा. उत्तर येतं ०.००६६. म्हणजे दीडशे पत्रे बनवलेत तर एक चांगला निघेल!

पुन्हा वाचा. शंभरात नव्याण्णव चांगले बनवणारा माणूस मीटरभर मशीनवर गेला, की दीडशेत एक चांगला बनवतो. तो माणूस बिघडला नाही, कच्चा माल बिघडला नाही. फक्त आकार वाढला.

आता ए-फोर कागदाएवढा पत्रा घ्या. त्यात असे ३१ तुकडे बसतात. तोच हिशेब केला तर ७३ टक्के येतात, म्हणजे चारातले तीन पास. इथेच लोक फसतात. ए-फोरला चारात तीन पास होतायत, म्हणजे "जमलं आपल्याला" असं वाटतं आणि पुढची उडी थेट मीटरवर मारतात.

मीटरभर पत्र्यात दहातले नऊ पास व्हायला हवे असतील, तर छोट्या तुकड्यात दोष किती चालेल? सुमारे पावणेपाच हजारात एक. शंभरात एकपासून पावणेपाच हजारात एकपर्यंत जाणं, हाच खरा स्केलअप. मशीनची रुंदी हा त्यातला सोपा भाग.

अर्थात प्रत्यक्षात दोष इतके सारखे विखुरलेले नसतात. धुळीचा झोत आला तर एकाच जागी दहा भोकं पडतात. काही बारीक दोष चालवूनही घेता येतात किंवा वरून दुसरा थर देऊन बुजवता येतात. पण दिशा कळायला हा हिशेब पुरेसा आहे.

आबांना मी हा हिशेब कागदावर दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे अजून बाग धरायची वेळ आली नाही."

आकार वाढला की काय काय बदलतं?

पहिलं, हवा आणि धूळ. छोटा तुकडा काचेच्या झाकणाखाली बनतो. मोठा पत्रा उघड्यावर वाळतो. पाच मायक्रॉनचा धुळीचा कण दिसतही नाही, पण तुमच्या थरापेक्षा तो जाड आहे. तो थरातून डोकं वर काढतो आणि तिथे भोक पडतं. पंखा लावून वाळवणं म्हणजे स्वतःच्या हाताने धूळ पेरणं.

आर्द्रतेचं तर विचारू नका. माझी गोष्ट सांगतो. ट्रेनर होण्याआधी मी एमआयडीसीत एका छोट्या शेडमध्ये लेबलच्या कागदावर गोंदाचं कोटिंग करायचो. नमुना एप्रिलमध्ये पास करून घेतला. ऑर्डर निघाली जुलैमध्ये. तोच गोंद, तोच कागद, तेच मशीन. बाहेर पाऊस. थर वरून वाळलेला दिसायचा, आतून ओला राहायचा. सगळे रोल परत आले. पतसंस्थेचं कर्ज फेडायला मला पुढची तीन वर्षं लागली. चूक गिऱ्हाइकाची नव्हती, पावसाचीही नव्हती. मी शेडमध्ये एक आर्द्रतामापक लावला असता तर कळलं असतं. म्हणून सांगतो, एप्रिलचा नमुना जुलैमध्ये पुन्हा बनवून बघितल्याशिवाय ऑर्डर घेऊ नका.

दुसरं, द्रावण. अर्धा लिटर द्रावण चांगलं ढवळलं जातं, बुडबुडे आपोआप निघतात. पन्नास लिटरमध्ये न विरघळलेल्या गाठी राहतात आणि बुडबुडे अडकतात. बुडबुडा थरात फुटला की भोक. म्हणजे गाळणी हवी आणि द्रावण शांत ठेवायला वेळ हवा. पण जास्त वेळ ठेवलं तर त्याचा घट्टपणा बदलतो आणि थराची जाडी बदलते. सकाळचा माल आणि संध्याकाळचा माल वेगळा निघतो तो असा.

तिसरं, ओव्हन. छोट्या ओव्हनमध्ये एक तुकडा सगळीकडून सारखा तापतो. मोठ्या ओव्हनमध्ये मधे एक तापमान, कडेला दुसरं. मधलं क्रॉसलिंकिंग जास्त, कडेचं कमी. एकाच पत्र्यात दोन स्वभाव. ओव्हनच्या डिस्प्लेवरचा आकडा खरा मानू नका. नऊ ठिकाणी थर्मोकपल लावून मोजा. खर्च फार येत नाही.

चौथं, बांधणी. पत्रा चांगला असून उपयोग नाही, तो स्टीलच्या चौकटीत गॅस्केट लावून बसवायचा असतो. त्याला मॉड्यूल म्हणतात. पाण्याच्या आरओमध्ये चालणारा गोंद किंवा रबर गरम अल्कोहोलमध्ये टिकेलच असं नाही. चुकीचं रबर फुगतं आणि गळती सुरू होते. गिऱ्हाईक म्हणतं, "तुमचं मेंब्रेन फेल." मेंब्रेन ठीक असतं, गॅस्केट गेलेली असते. पण नाव तुमचंच खराब होतं.

पाचवं, उष्णता. हे प्रयोगशाळेत कधीच लक्षात येत नाही. पाणी मेंब्रेनमधून जाताना त्याची वाफ होते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता ते अल्कोहोलमधूनच घेतं. मालातलं एक टक्का पाणी गेलं की माल सुमारे सात-आठ अंशांनी थंड होतो. प्रयोगशाळेत गरम भांडं मोठं आणि मेंब्रेन छोटं, म्हणून फरक पडत नाही. कारखान्यात दहा टक्के पाणी काढायचं तर मधेमधे माल पुन्हा तापवावा लागतो. ती सोय केली नाही तर पुढची मेंब्रेनं थंड मालावर बसून राहतात आणि फ्लक्स कोसळतो.

किती मेंब्रेन लागेल? एक उदाहरण

दिवसाला १,००० किलो, ९० टक्क्यांचं इथेनॉल आलं असं धरा. त्यात १०० किलो पाणी. ९९.५ टक्के करायचं तर त्यातलं सुमारे ९५ किलो काढायचं. दिवसाला २० तास यंत्र चाललं तर तासाला पावणेपाच किलो. सरासरी फ्लक्स चौरस मीटरला तासाला ०.३ किलो धरला, तर लागतात १६ चौरस मीटर.

"सरासरी" हा शब्द अधोरेखित करा. सुरुवातीला पाणी भरपूर असतं तेव्हा फ्लक्स जास्त मिळतो. शेवटी एक-दोन टक्के पाणी उरतं तेव्हा तो फार खाली येतो. म्हणजे शेवटचं थोडं पाणी काढायलाच जास्त मेंब्रेन खर्ची पडतं. ९० टक्क्यांवर मोजलेला चांगला फ्लक्स गिऱ्हाइकाला सांगून मोकळे झालात, तर तुमचं यंत्र ९८ टक्क्यांवर जाऊन अडेल आणि बाकीचं मेंब्रेन तुम्हाला खिशातून लावून द्यावं लागेल.

ज्यांनी हे मोठं केलं त्यांनी काय केलं?

पीव्हीएच्या मेंब्रेनला बाजारात आणलं जर्मनीच्या जीएफटी कंपनीने, १९८० च्या दशकात. त्यांची पद्धत सपाट पत्रे चौकटीत एकावर एक रचण्याची. १९८८ साली फ्रान्समध्ये बेथेनिविल इथे त्यांच्या मेंब्रेनवर दिवसाला दीड लाख लिटर इथेनॉल कोरडं करणारा प्रकल्प उभा राहिला. म्हणजे ही कल्पना हवेतली नाही, जुनी आणि सिद्ध झालेली आहे.

दुसरं उदाहरण जपानचं. मित्सुईने झिओलाइटचा थर दिलेल्या सिरॅमिक नळ्या वापरून मोठं यंत्र उभारलं. त्याची माहिती २००१ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १६ मॉड्यूल, प्रत्येकात १२५ नळ्या. ९० टक्क्यांचं सॉल्व्हंट १२० अंशांवर घेऊन पाणी ०.२ टक्क्यांच्या खाली आणायचं, तासाला ५३० लिटर.

सोळा गुणिले एकशे पंचवीस, म्हणजे दोन हजार नळ्या. यातला धडा बघा. त्यांनी एक अवाढव्य नळी बनवली नाही. हातात धरता येईल अशी नळी दोन हजार वेळा बनवली. प्रत्येक नळी आधी वेगळी तपासता येते, खराब निघाली तर एक नळी जाते, सगळं यंत्र जात नाही.

आता आपल्या गणिताला हे लावा. शंभरात एक दोष, हीच आजची तुमची पातळी आहे असं धरा. मीटरभर अखंड पत्रा केलात तर दीडशेत एक चांगला. पण तेच ए-फोरएवढे पत्रे केलेत तर एका चौरस मीटरला १६ लागतात. बावीस बनवा, सहा टाका, सोळा वापरा. धंदा सुरू होऊ शकतो! गॅस्केट जास्त लागतील, चौकटीचं स्टील जास्त लागेल, कडेचा थोडा भाग वाया जाईल. पण तो खर्च मोजता येतो. दीडशेत एकाचा खर्च मोजायलाही माणूस उरत नाही.

म्हणजे स्केलअपचा अर्थ "मोठं बनवा" इतकाच नाही. "आज जेवढ्या आकारात मला रिजेक्शन परवडतं, तो आकार जास्त वेळा बनवा" हाही स्केलअपच आहे. दोष कमी झाले की मग रुंदी वाढवा.

गिऱ्हाईक कोण?

त्या मुलाच्या डोक्यात साखर कारखाने होते. मी म्हटलं, जरा थांब. मोठ्या डिस्टिलरीत मॉलिक्युलर सीव्ह बसलेले आहेत आणि चालू आहेत. तिथला मॅनेजर रोज हजारो लिटरची जबाबदारी घेऊन बसलाय. तो नव्या माणसाचं पहिलं मेंब्रेन लावून प्रकल्प बंद पडायचा धोका का घेईल?

दुसरीकडे बघा. औषध कंपन्यांत आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, मोठ्या प्रमाणावर धुण्यासाठी आणि प्रक्रियेसाठी वापरतात. वापरून झालं की त्यात पाणी शिरलेलं असतं. त्याचाही अझिओट्रोप आहे, वजनाने सुमारे ८८ टक्क्यांवर. म्हणजे बारा टक्के पाणी तसंच राहतं. तारापूर, कुरकुंभ, लोटे, महाड, कुठल्याही केमिकल एमआयडीसीत जा, सॉल्व्हंट परत मिळवणं हा रोजचा प्रश्न आहे. माल कमी असतो, आज एक सॉल्व्हंट तर उद्या दुसरं. अशा ठिकाणी छोटं मेंब्रेन युनिट शोभतं. वाचलेल्या प्रत्येक ड्रमची किंमत गिऱ्हाइकाला लगेच दिसते.

मात्र इथे माल मळीच्या अल्कोहोलसारखा नसतो. त्यात आम्ल, क्षार, दुसरी सॉल्व्हंटं असू शकतात. शुद्ध आयपीएवर पास झालेलं मेंब्रेन गिऱ्हाइकाच्या खऱ्या मालावर महिनाभर चालवून बघा, मगच गॅरंटी लिहून द्या. गॅरंटी म्हणजे पुढच्या दोन-तीन वर्षांचं कर्जच असतं, फक्त त्याचा हप्ता कधी येईल ते माहीत नसतं.

पैसा कोणत्या पायरीवर किती घालायचा?

पायरी १: तयार आधारपट विकत घ्या. तो स्वतः बनवायचा तर डीएमएफसारखी घातक सॉल्व्हंटं येतात, त्यांचं सांडपाणी येतं. पीव्हीएचा थर मात्र पाण्यातून देता येतो. सुरुवातीला फक्त तेवढंच करा.

पायरी २: ए-फोरएवढ्या पत्र्यांची वही. तारीख, तापमान, आर्द्रता, द्रावणाचा लॉट, ओव्हनची वेळ, आणि तीन आकडे. टाकलेल्या प्रत्येक पत्र्यासमोर कारण लिहायचं. "खराब" हे कारण नव्हे. धूळ, बुडबुडा, कड, ओव्हन, हाताळणी, यापैकी काय ते लिहा. रंगीत द्रव टाकून भोक कुठे आहे ते दिसतं, हवेच्या दाबाने गळती कळते. या तपासण्या स्वस्त आहेत.

पायरी ३: छोटं मॉड्यूल, खरं गिऱ्हाईक. एक-दोन चौरस मीटरचं युनिट गिऱ्हाइकाच्या जागेवर त्यांच्या मालावर चालवा. शक्य असेल तर त्यांच्याकडून चाचणीचे पैसे घ्या, थोडे का होईना. फुकट चाचणी कोणी गांभीर्याने घेत नाही.

पायरी ४: रुंदी वाढवा. सलग तीन महिने, त्यातला एक पावसाळ्याचा, रिजेक्शन तुमच्या ठरवलेल्या आकड्याखाली राहिलं तरच. आधी ३० सेंटिमीटर रुंद रोल, मीटर नंतर.

शक्य असेल तर स्वतःच्या मशीनआधी दुसऱ्याचं मशीन वापरा. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, आणि भावनगरच्या सीएसएमसीआरआयमध्ये मेंब्रेनवर अनेक वर्षांचं काम आहे. एनसीएलशी जोडलेलं व्हेंचर सेंटर हे इन्क्युबेटर नव्या तंत्रउद्योजकांसाठीच आहे. तिथे जाऊन विचारायला लाज कसली?

आणि कागदपत्रं विसरू नका. इथेनॉलचा एक ड्रम चाचणीला ठेवायचा तरी राज्य उत्पादन शुल्क खात्याला आधी विचारा. औद्योगिक अल्कोहोलवर कायदा करायचा अधिकार राज्यांना आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. अल्कोहोलची वाफ ठिणगीने पेट घेते, म्हणून फ्लेमप्रूफ वायरिंग, अग्निशमन, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, हे सगळं शेड भाड्याने घेण्याआधीच बघा. माल बनवून झाल्यावर नव्हे.

मग त्या मुलाचं काय झालं?

कोटेशन फोल्डरमध्येच राहिलं. जमीन तारण गेली नाही. त्याने एक छोटी खोली बंद केली, पंखा काढला, आर्द्रतामापक लावला आणि वही सुरू केली. चार महिन्यांनी वही घेऊन आला. ए-फोरचे चाळीस पत्रे. पहिल्या दहात एक पास. शेवटच्या दहात सहा पास. छोट्या तुकड्याच्या भाषेत बोलायचं तर आधी शंभरात सातच्या आसपास दोष होते, ते आता दीड-दोनवर आले होते. टाकलेल्या पत्र्यांची कारणं वाचली तर निम्मी धूळ आणि बुडबुडे. म्हणजे काय दुरुस्त करायचं तेही वहीनेच सांगितलं.

अजून त्याची कंपनी मोठी झालेली नाही, खोटं कशाला सांगू? एका सॉल्व्हंटवाल्याकडे छोट्या युनिटची चाचणी लावायची बोलणी चालू आहेत. पण आता तो माझ्याकडे येतो तेव्हा चांगला तुकडा दाखवत नाही. आधी वही उघडतो.

तुमचा धंदा मेंब्रेनचा नसेल. मसाले असतील, पापड असतील, पेव्हर ब्लॉक असतील. आजचा होमवर्क सगळ्यांना एकच आहे. गेल्या शंभर नगांतले तुम्ही किती टाकलेत आणि प्रत्येक का टाकलात, ते आज रात्री लिहून काढा. लिहिता आलं नाही, तर नवं मशीन घ्यायची वेळ अजून आलेली नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही चालू ठेवा!